अध्यक्षाचे हात रिकामे हवेत

अगं,

रोटरॅक्ट क्लबची (रोटरीशी जोडलेल्या तरुणांच्या सेवासंस्थेची) अध्यक्ष म्हणून तू पाठवलेली आठवड्याची यादी तीनदा वाचली. मंगळवारी बैठक, गुरुवारी पुस्तकांची छाननी, शनिवारी रक्तदान शिबिर, रविवारी नदीकाठची सफाई. एकूण ३८ कामं आणि त्यांतल्या २३ कामांपुढे तुझंच नाव. खाली विचारलंयस, "माझं नेमकं चुकतंय कुठे?" इथेच चुकतंय. शनिवारी अध्यक्षाच्या नावावर एकही काम नसावं. हात रिकामे ठेव.

मग तू करायचं काय? जे यादीत नाही, ते. रक्तपेढीची गाडी भलत्याच फाटकाशी उभी राहते. हॉलची किल्ली सापडत नाही. नोंदणीवरचा मुलगा तापाने झोपलेला असतो. अशी कामं आधी वाटून देता येत नाहीत. जो मोकळा असेल त्याच्याकडे ती येतात. तूच फॉर्म भरत बसलीस तर ती कुणाकडेच जात नाहीत.

आता शनिवारचा हिशेब कर. तो तू केलेलाच नाहीस, आणि याचा मला राग आला आहे. खाटा चार. पिशवी भरायला ८ ते १० मिनिटं लागतात, पण झोपवणं, शीर शोधणं, पट्टी लावणं, उठवणं धरून एका रक्तदात्याला २० मिनिटं धर. म्हणजे तासाला १२, पाच तासांत ६०. तू ९० जणांना बोलावलंस, तेही सगळ्यांना सकाळी १० ला! अकरा वाजता खुर्च्यांवर माणसं ताटकळत असतील, पोटात काही नसेल, आणि निघून गेलेली पुन्हा शिबिराकडे फिरकायची नाहीत. दर १५ मिनिटांना तिघांची वेळ दे. उरलेल्या ३० जणांना पुढच्या शिबिराला बोलव. त्यात रक्ताचं नुकसान नाही, उलट फायदा आहे: लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट साधारण ५ दिवस. एकाच दिवशी विक्रम करून पेढीचं भागत नाही. त्यांना कधी, कोणत्या गटाचं रक्त लागतं ते आधी फोन करून विचार.

आदल्या रात्री प्रत्येकाला निरोप जाऊ दे: जेवून या, निघण्याआधी अर्धा लिटर पाणी प्या. चक्कर काही खाटेवरच येते असं नाही, पुष्कळदा माणूस उठून चालू लागल्यावर येते. पहिल्यांदा देणाऱ्यांना आणि वयाने लहान असलेल्यांना जास्त. म्हणून खाण्यापिण्याच्या टेबलापाशी एक जण असा बसव की ज्याने पेले भरायचे नाहीत, फक्त चेहरे पाहायचे. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, जांभया सुरू झाल्या की तिथेच आडवं करायचं, पाय उंच करायचे, पेढीच्या डॉक्टरांना हाक मारायची. १५ मिनिटांच्या आत कुणाला सोडायचं नाही.

चेहरे पाहायचं हे काम तू स्वतःकडे घेतलंयस. काढून टाक. किल्लीचा फोन आला की तू उठशील आणि नेमकी तेव्हाच ती खुर्ची रिकामी राहील.

प्रत्येक कामापुढे एकच नाव लिही. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्यावर सोडून देतात. सोबत चार ओळींची चिठ्ठी दे: काय करायचं, कुठे, किती वाजेपर्यंत, अडलं तर कुणाला विचारायचं. दहा जण "हो" म्हणाले तर सात येतील असं धर. गटावर टाकलेल्या निरोपाला अंगठा आला म्हणजे होकार नव्हे; फोन कर.

पुस्तकांचं थोडक्यात. घेणाऱ्या वाचनालयाने काय हवं ते सांगेपर्यंत एक खोकंही उघडू नकोस. जुने अभ्यासक्रम आणि वाळवी लागलेली पानं त्यांच्या दारात टाकणं ही सेवा नाही.

रविवारी चौघांचा एक गट: दोघं उचलणार, एक पिशवी धरणार, एक नोंद करणार. नोंद करणाऱ्याला रिकामटेकडा समजू नकोस. १९८६ साली टेक्ससच्या किनाऱ्यावर जी सफाई सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली, तिच्यात पहिल्यापासून कचऱ्याची वस्तूवार नोंद होत आली. पिशव्या पाऊणच भर, नाहीतर उचलताना फाटतात. सुया आणि काच पिशवीत नाही, जाड डब्यात. तेही चिमट्याने आणि मोठ्या माणसानेच. भरलेल्या पिशव्या कोण, किती वाजता नेणार हे शुक्रवारीच पक्कं कर. नाहीतर सोमवारी त्या तिथेच फुटलेल्या असतात.

कोपऱ्यात नुसता उभा राहतो, हात मळू देत नाही, असं लोक माझ्याबद्दल म्हणत आले. म्हणू देत. सगळं स्वतः ओढण्यात मीही फार वर्षं घालवली आणि त्या वर्षांत माझ्या हाताखाली एकही माणूस तयार झाला नाही, हे मला अजून सलतं. रोटरॅक्टमध्ये वर्ष १ जुलैला बदलतं, नवा अध्यक्ष येतो. सगळं तुझ्याच डोक्यात राहिलं तर तो येऊन काय चालवणार? तू दमतेस याचं मला वाईट वाटतंच, पण बाकीच्यांना कामच मिळत नाही याचं त्याहून जास्त वाटतं.

बुधवारी रात्रीपर्यंत यादी पुन्हा पाठव. शनिवारच्या रकान्यात तुझं नाव दिसलं तर तशीच परत करीन.