शोकाच्या दिवशीच मशीहाचा जन्म: ज्यू उपवासामागची लोककथा

आपण विचारले आहे की, ज्या दिवशी ज्यू लोक यरुशलेममधील आपल्या मंदिराच्या नाशाचा शोक करतात त्याच दिवशी मशीहा, म्हणजे ज्यूंची सुटका करायला येणारा राजा, जन्मतो, ही समजूत कशी रुजली आणि देव न मानणाऱ्याने तिच्याकडे कसे पाहावे. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या, घरात वाढलो. आज श्रद्धाळू नसलो, तरी या उपवासांविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा दिवस म्हणजे ज्यू पंचांगातील आव महिन्याचा नववा दिवस, तिशा बआव. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, चामड्याची पादत्राणे घालायची नाहीत, जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसून विलापगीत ऐकायचे. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने पहिले मंदिर जाळले आणि इ.स. 70मध्ये रोमनांनी दुसरे. पण बायबलमध्येच पहिल्या नाशाची तारीख एके ठिकाणी आवची सातवी आणि दुसरीकडे दहावी अशी दिलेली आहे. तालमूद, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या (रब्बींच्या) चर्चांचा प्राचीन संग्रह, त्यांचा मेळ असा घालतो की, आग नवव्या दिवशी संध्याकाळी लागली आणि दहाव्या दिवशी दिवसभर जळत राहिली. माझ्या मते, या समाजाने विखुरलेली दुःखे एका दिवसावर आणून ठेवली, एवढेच यातून निश्चित दिसते. म्हणूनच 1492मध्ये स्पेनमधून झालेली हकालपट्टीही परंपरेने याच दिवसाशी जोडली.

आता कथा. तालमुदाच्या दोन आवृत्त्यांपैकी यरुशलेमी तालमुदात ती अशी येते: एक ज्यू शेतकरी नांगरत असताना त्याची गाय हंबरली. वाटेने जाणाऱ्या एका अरबाने ते ऐकून त्याला सांगितले, "गाय सोड, नांगर सोड, तुमचे मंदिर पडले." गाय पुन्हा हंबरली, तेव्हा तो म्हणाला, "आता जुंप, तुमचा राजा मशीहा जन्मला." मुलाचे नाव मेनाखेम आणि गाव बेथलेहेम, हेही त्याने सांगितले. शेतकऱ्याने गाय आणि नांगर विकले आणि तो गावोगाव बाळाची दुपटी विकत फिरू लागला. बेथलेहेमला मेनाखेमची आई मात्र काहीच घेईना. याच्या जन्मदिवशीच मंदिर पडले, म्हणून याचा गळा दाबावासा वाटतो, असे ती म्हणाली. त्याने समजूत घातली, दुपटी उधार दिली. काही काळाने तो परत आला, तर तिने सांगितले की, वावटळ आली आणि मूल हातातून हिसकावून घेऊन गेली.

या कथेचा शेवट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मशीहा जन्मला आहे, पण तो कोणाच्याही हाती लागत नाही. रोमनांविरुद्धच्या बंडाचा नेता बार कोखबा हाच मशीहा आहे, असे रब्बी अकिवासारख्या थोर विद्वानाने मानले होते आणि इ.स. 132 ते 135चे ते बंड रोमनांनी अतिशय क्रूरपणे मोडून काढले. ज्या समाजाने हे सोसले, त्याच्या कथेत आशा जिवंत राहावी पण तिच्या नावाने कोणी तलवार उचलू नये, ही काळजी दिसणे मला स्वाभाविक वाटते. त्याच तालमुदात एक रब्बी विचारतो की, हे अरबाकडून कशाला शिकायचे? बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लबानोन (रब्बींच्या अर्थाने मंदिर) कोसळण्याच्या ओळीला लागूनच इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या पित्याच्या, बुंध्याला अंकुर (मशीहा) फुटल्याची ओळ आहेच.

याच दिवशी जन्मलेला मशीहा प्रत्यक्ष आला आहे, असा दावा पुढे केला गेला, तेव्हा मात्र अनर्थ झाला. तुर्कस्तानातील इझमीरचा ज्यू रब्बी शब्बताई झ्वी 1626मध्ये याच दिवशी जन्मला, असे त्याचे अनुयायी मानत. 1665मध्ये तो मशीहा म्हणून जाहीर झाला आणि 1666च्या उन्हाळ्यात, स्वतः उस्मानी (तुर्की) सुलतानाच्या कैदेत असताना, त्याने हा उपवास रद्द करून आपल्या जन्मदिनाचा सण पाळण्याचा हुकूम दिला. यालाही आधार होता. बायबलमधील जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात हे उपवास आनंदाचे सण होतील, असे वचन आहे. अनेक गावांत लोकांनी त्या दिवशी खरोखर मेजवान्या केल्या. सप्टेंबरात सुलतानापुढे उभे केल्यावर त्याने इस्लाम स्वीकारला.

आमच्या कोकणात या दिवसाला 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण उपवासाआधीच्या दिवसांत मांस वर्ज्य असे आणि घरात वालाचे बिरडे होई. मशीहापेक्षा त्याच्या आगमनाची वर्दी देणारा संदेष्टा एलिया, म्हणजे एलियाहू हन्नबी, आमच्या लोकांना अधिक जवळचा राहिला. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत, असे मानतात, आणि नवस फेडताना पोहे, नारळ, गूळ यांचा मलिदा करून त्याचे नाव घेतात. निधर्मी दृष्टीने पाहता, युगान्ताला येणाऱ्या राजाची आशा येथे आजारपण, लग्न, प्रवास अशा रोजच्या अडचणींत मदतीला येणाऱ्या पाहुण्यावर येऊन स्थिरावली, आणि मला तरी हे रूप शब्बताईच्या मेजवानीपेक्षा कितीतरी अधिक माणुसकीचे वाटते.