एकदा ऐकलेल्या अल्बमचं अख्खं रिमिक्स किंवा डब ऐकण्यात कसली मजा? आणि आधी मूळ ऐकावं की ते?

प्रश्नाखाली तुम्ही पुस्ती जोडली आहे, 'मला तर तोच माल दुसऱ्यांदा विकायचा धंदा वाटतो.' हे वाक्य मी पंचवीस वर्षं घरात ऐकतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

१९९९ मध्ये मावसभाऊ लंडनहून सुट्टीवर येणार होता. त्याला मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडचा 'प्रोटेक्शन' हा अल्बम आणायला सांगितलं. त्याने आणला 'नो प्रोटेक्शन'. तो 'नो' मला दिसला होता, पण तिकडे असंच नाव असेल समजून मी गप्प बसलो.

आमच्याकडे तेव्हा दादाने स्वतः बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेला, ट्रान्सफॉर्मरसुद्धा हाताने गुंडाळलेला. त्यावर सीडी लावली आणि मिनिटाभरात फळीवरची स्टीलची भांडी थरथरायला लागली. आई तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर आली. बाईचा आवाज आला, आणि धड ओळ पुरी व्हायच्या आत विहिरीत पडल्यासारखा घुमत घुमत नाहीसा झाला. मागे उरले फक्त ड्रम आणि बेस. दादा उठला. "लूज कॉन्टॅक्ट आहे."

त्याने पिना हलवल्या. सीडी काढून जुन्या मलमलच्या तुकड्याने आतून बाहेर पुसली. पुन्हा लावली, पुन्हा बाई विहिरीत. मग पठ्ठ्याने अ‍ॅम्प्लिफायर उघडला, सोल्डरिंग गन तापवली आणि चांगले भले दोन जॉइंट नव्याने केले. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा निकाल दिला, "डिफेक्टिव्ह पीस दिलाय तुझ्या भावाला." हे मुद्दाम केलेलं असतं, याला डब म्हणतात, हे मला पुढे कळलं. त्याला सांगितलं तर म्हणाला, "डब कसलं, डबा आहे."

तर हा डबा केलाय मॅड प्रोफेसरने. नाव नील फ्रेझर, जन्म गयानाचा. लहानपणापासून इलेक्ट्रॉनिक्सचं वेड, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. लंडनला राहत्या घरातच त्याने स्टुडिओ थाटला. 'प्रोटेक्शन' १९९४ चा, दहा गाण्यांचा. याने त्यातली आठ घेतली आणि १९९५ मध्ये हा अल्बम आला. एका गाण्याचं नाव त्याने 'कूल मॉन्सून' केलंय. ते मी दर जूनमध्ये लावतो, आणि त्याला पावसाशी फार देणंघेणं नाही हे मला माहीत आहे.

मूळ 'प्रोटेक्शन' मी वर्षभराने ऐकला. चांगलाच आहे, पण मला तो गर्दीचा वाटला. लग्नघर दुसऱ्या दिवशी कसं असतं? तोच मांडव, त्याच भिंती, पण आता पाहुणे गेलेत आणि कोपऱ्यात कोण बसलं होतं ते आठवतंय. मी आधी दुसऱ्या दिवशीचं घर पाहिलं आणि मग लग्न.

आपल्याकडे रिमिक्सचं नाव खराब झालं ते २००० च्या आसपास. जुनं हिंदी गाणं घ्यायचं, त्यावर ठोके चढवायचे आणि व्हिडिओत कपडे कमी करायचे. दादाच्या डोक्यात रिमिक्स म्हणजे अजून तेच. डबमध्ये बहुतेक काम काढून टाकण्याचं असतं. टेपवर आवाज, गिटार, ड्रम, बेस वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. मिक्सर सांभाळणारा टेप चालू असताना हाताने एकेक फेडर (त्या त्या ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढतो, वर ढकलतो, मधलाच एखादा शब्द इकोत सोडून देतो. त्या क्षणी हात कसा पडला तसं गाणं होतं, म्हणजे मिक्सरच वाजवायचं वाद्य झालं.

आणि हे सगळं वाढवलं कुणी? जमैकातल्या किंग्स्टनच्या किंग टबीने. त्याचा मूळ धंदा रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचा. ट्रान्सफॉर्मरसुद्धा गुंडाळायचा. बाथरूममध्ये गायकाला उभं करून रेकॉर्डिंग करायचा. म्हणजे ही कला जगात कुणाला कळायला हवी होती तर आमच्या दादाला. हा प्राणी सोल्डरिंग गन घेऊन तिच्यातला दोष शोधत बसला.

माझं मत विचाराल तर अख्खा अल्बम एकाच माणसाने हाताळलेला असावा. बारा गाणी बारा जणांना वाटली की डबा पार्टी होते, तीन पुलाव आणि पोळ्या कुणीच आणलेल्या नाहीत. जमैकाचा रेगे गायक बर्निंग स्पिअर याचा 'मार्कस गार्वी' घ्या आणि त्याचं १९७६ चं डब 'गार्वीज घोस्ट'. पहिल्यात तो कृष्णवर्णीयांचा पुढारी मार्कस गार्वी याची आठवण तळमळून गातो, दुसऱ्यात गाणारा जवळपास निघून गेलाय आणि ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं तेवढी मागे फिरताहेत. भूत हे नाव उगीच दिलेलं नाही. प्रायमल स्क्रीम या बँडच्या 'व्हॅनिशिंग पॉइंट'वरून एड्रियन शेरवुडने केलेला 'एको डेक'ही (दोन्ही १९९७) एकहाती आहे.

आता खरं सांगायचं तर डबा पार्टीतलाही एक मला आवडतो. नुसरत फतेह अलींच्या गाण्यांवरचा 'स्टार राइज', ते गेले त्याच वर्षी आलेला. अनेकांनी मिळून केलाय. त्यामुळे वरचा नियम फार मनावर घेऊ नका. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र यातलं काहीच ऐकू नका, बेस कळला नाही तर तुम्हीही डबाच म्हणाल. आणि हो, तुमचं धंद्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. डबची सुरुवातच अशी की एका गाण्याचे पैसे मोजायचे आणि तेच बिनआवाजाचं रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकायचं. काटकसरच ती.

आधी मूळ की आधी डब? माझं उलट झालं आणि काही बिघडलं नाही.

गेल्या दिवाळीत दादाला टबीची गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली. तो चकली खात होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर किती अँपिअरचे करायचा?"