समतेची कार्यशाळा सराव पाठातच घ्या

प्रश्न : नमस्कार बाई. बीड जिल्ह्यातल्या एका बी.एड. महाविद्यालयात मी सहायक प्राध्यापक आहे. यंदा ‘समता आणि अध्यापन’ या विषयावर दोन व्याख्यानं आणि एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची जबाबदारी प्राचार्यांनी माझ्यावर टाकली आहे. दरवर्षी बाहेरून वक्ते येतात, मनापासून बोलतात, टाळ्याही पडतात. दुसऱ्या दिवशी सराव पाठाला गेलं की तेच छात्राध्यापक पुढच्या दोन बाकांकडे बघून शिकवतात. या वेळी वेगळं काय करू?

उत्तर : पुढच्या दोन बाकांचं तुम्ही लिहिलंत, तिथूनच सुरुवात करा. वक्त्याला फोन करण्याआधी छात्राध्यापकांना आठवडाभर एकमेकांच्या पाठांना मागे बसवा. एरवी निरीक्षण वहीत आपण काय लिहायला लावतो? प्रस्तावना चांगली, फलकलेखन सुवाच्य, आवाज थोडा मोठा हवा. या आठवड्यात ते सगळं बाजूला ठेवायचं. वर्गातल्या बैठकीचा कच्चा नकाशा काढायचा आणि ज्या मुलाला प्रश्न विचारला जाईल त्याच्या चौकोनात एक रेघ मारायची. नावं, जाती काही लिहायचं नाही. प्रश्न विचारल्यावर शिकवणारा किती थांबला, तेवढं मात्र बाजूला टिपायचं.

हे थांबणं फार मोलाचं आहे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास शिक्षकांचं थांबणं मोजलं, तेव्हा ते सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. तीन सेकंद थांबायला ना निधी लागतो, ना परिपत्रक. ज्या मुलाला घरची बोली मनातल्या मनात शाळेच्या मराठीत फिरवून घ्यावी लागते, त्याला तर ते हवेतच.

आठवड्याच्या शेवटी सगळे नकाशे भिंतीवर लावा. कोरे चौकोन कुठे आहेत ते छात्राध्यापकांनाच बघू द्या. तुम्ही काही बोलू नका. कार्यशाळेची सकाळ एवढ्यात जाईल, जाऊ द्या.

दुपारसाठी एक सुचवते. तुमच्या वर्गात तांड्यावरून आलेले छात्राध्यापक नक्की असतील. त्यांच्यापैकी कुणाची मनापासून तयारी असेल तर (आधी एकट्याला विचारा, सगळ्यांसमोर नको) दहा मिनिटांचा पाठ पूर्ण गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, घ्यायला सांगा. शेवटी पाच प्रश्न, तेही गोरमाटीत, आणि उत्तरांना गुण. पहिलीत आलेल्या बंजारा मुलाला मराठी वर्गात काय वाटत असेल, हे बाकीच्यांना त्या दहा मिनिटांत जेवढं समजेल तेवढं समजावून सांगणं मला कधीच जमलं नसतं.

व्याख्यानांपैकी एक तरी हंगामी वसतिगृह (ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांची गावातली सोय) सांभाळणाऱ्या शिक्षकाचं किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईचं ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मग काही मुलं आई-बापांबरोबर जातात, काही आजीजवळ राहून वसतिगृहात जेवतात. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की गेलेली मुलं परत येतात, तोवर वर्ग कितीतरी धडे पुढे सरकलेला असतो. गावाबाहेर जाणाऱ्या मुलासोबत, नव्या शाळेत दाखवायला, शिक्षण हमी पत्रक द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. एक पत्रक, त्यावरचं नाव झाकून, कार्यशाळेत आणा. हे मूल मार्चमध्ये तुमच्या वर्गात आलं तर पहिल्या आठवड्यात काय शिकवाल, याचं टाचण प्रत्येकाने काढावं. वसतिगृहाच्या त्या शिक्षकाने ते वाचून, हे चालेल, हे चालणार नाही, असं सांगावं. फक्त एक पथ्य पाळा : ऊसतोडीला जाऊन आलेल्या मुलालाच व्यासपीठावर उभं करून त्याचे हाल सांगायला लावू नका.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला (इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला) दिलेल्या निवेदनात शिक्षक कसे हवेत ते सांगितलं आहे. ते शेतकरी वर्गातून यावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायची त्यांना लाज वाटू नये, लोकांत सहज मिसळावेत. बीडमध्ये आज ऊसतोड कामगारांच्या घरातली मुलं-मुली बी.एड.ला येतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण पाठाला उभी राहिली की तीही पुढच्या बाकांकडेच बघतात. का? मी वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून पाठ तपासले आहेत, त्यावरून सांगते : गुण देणारा निरीक्षक घटक वेळेत संपला का हे बघतो, आणि चटकन उत्तर देणारी मुलं हाताशी धरली की घटक वेळेत संपतो. नोकरीची आस असलेली पोरं आहेत ती, जिथे गुण तिथे बघणारच.

म्हणून प्राचार्यांशी खरं भांडायचं ते यासाठी. पाठाचा गुणतक्ता विद्यापीठाचा असेल, तो बदलणं तुमच्या हातात नसेल. पण शेरा तुमच्या हातात आहे. प्रत्येक निरीक्षकाने प्रत्येक पाठाखाली, आज किती वेगवेगळ्या मुलांना प्रश्न गेले, हे लिहायचंच, एवढा ठराव प्राध्यापकांच्या बैठकीत करून घ्या. २०१४च्या राष्ट्रीय निकषांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळांत जातात. एका दिवसाच्या कार्यशाळेला जे साधणार नाही, ते या वीस आठवड्यांतल्या शेऱ्यांनी साधेल अशी माझी खात्री आहे. आणि दुसऱ्या व्याख्यानाचं म्हणाल तर ते सगळ्यात शेवटी ठेवा. तोवर मुलांकडे विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

प्रश्न : मी लातूरला बी.एड. करतो. अशा कार्यक्रमांत आरक्षणाची चर्चा निघाली की सगळे माझ्याकडे वळून बघतात. मागे एका सरांनी, ‘तुझा अनुभव सांग,’ म्हणून उभं केलं. मला बोलायचं नव्हतं. पुन्हा तसं झालं तर काय करू?

उत्तर : बाळा, नाही म्हण. ‘सर, मला यावर बोलायचं नाही,’ एवढं वाक्य पुरे, कारण द्यायची गरज नाही. कार्यक्रमाआधी सरांना एकटं गाठून सांगता आलं तर आणखी बरं. नसेल जमत, तर तुझा विश्वास असलेल्या एखाद्या प्राध्यापकाला मध्ये घे. तरीही कुणी अडवून बोलायला लावलं तर महाविद्यालयातल्या समान संधी कक्षाकडे लेखी दे आणि अर्जाची पोच जवळ ठेव.

तू लवकरच वर्गशिक्षक होशील. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची वेळ आली की अनेक वर्गांत यादी वाचून मुलांना उभं केलं जातं. तू ती यादी मोठ्याने वाचू नकोस. एकेकाला मधल्या सुट्टीत बोलावून कागद दे आणि सोबत कोणते दाखले लागतात तेही तिथेच सांग.