गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी दोन फाइलींची जोडी) जोडली, तरी पुश करताना, म्हणजे कोड तिथे पाठवताना, गिटहब पासवर्ड का मागतं?
तुमची की बरोबर असेलही, पण रिपॉझिटरीचा, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडसाठ्याचा, पत्ता अजून एचटीटीपीएसचाच आहे. त्यावर खात्याचा पासवर्ड १३ ऑगस्ट २०२१ पासून चालतच नाही. टर्मिनलमध्ये 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' ही कमांड लिहून पुढे एसएसएचचा, म्हणजे 'गिट@' नं सुरू होणारा पत्ता द्या.

सोलापुरात आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये त्यानंतरही अडलं होतं. पोर्ट २२, म्हणजे एसएसएचची नेहमीची वाट, बंद; नुसता टाइमआउट. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहबसाठी होस्टनेम 'एसएसएच.गिटहब.कॉम' आणि पोर्ट ४४३ लिहिलं, तेव्हा कुठे पुश झालं.

'परमिशन डिनाइड' आलं, तर मात्र कीच तपासा. साइटवर फक्त '.पब' फाइलमधला मजकूर टाकायचा. जोडीतली दुसरी, म्हणजे खाजगी कीची फाइल जिवलग मित्रालाही देऊ नका, आणि लॅबचा पीसी सगळ्यांचा असेल तर कीला पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) घालाच.