६० सेकंदांत पेशी मरतात, तर कोल्ड प्लाझ्मा कर्करोगावर सर्रास का वापरत नाहीत?

कारण ते ६० सेकंद प्रयोगशाळेतल्या प्लेटमधल्या पेशींचे असतात. किती अंतरावरून, किती मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात), कोणत्या वायूने, हे कळल्याशिवाय नुसत्या सेकंदांना डोस म्हणता येत नाही. (रक्तातला प्लाझ्मा नव्हे. हा आर्गॉन किंवा हेलियमला उच्च दाबाच्या विजेने आयनित करून मिळणारा, ४० अंशांच्या आतबाहेरचा झोत.)

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला १०० मायक्रोलिटर मीडियम घातलं की पेशींवर साधारण ३ मिलिमीटर द्रव उभा राहतो. झोत पेशींना शिवतच नाही. झोतातून तयार होणारे, क्षणभरच टिकणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल वरच्या वरच संपतात, तळाशी पोहोचतं ते मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नायट्राइट. आता डीएमईएम या मीडियममध्ये बहुधा पायरुव्हेट हे पोषकद्रव्य असतं, ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं. आरपीएमआय १६४० या दुसऱ्या मीडियममध्ये सहसा ते नसतं. कर्करोगाच्या पेशी आरपीएमआयमध्ये आणि निरोगी पेशी डीएमईएममध्ये वाढवल्या, तर 'प्लाझ्मा फक्त कर्करोगच मारतो' असा सुंदर आलेख हमखास मिळतो. तो मीडियमचा आलेख असतो!

म्हणून मी आधी कंट्रोल (तुलनेसाठी केलेले प्रयोग) बघतो. वीज बंद ठेवून तेवढाच वेळ नुसता वायू सोडला का? वाऱ्याने मीडियम आटतं, क्षार वाढतात, पेशी त्यानेही मरतात. मोजलं तेवढंच पेरॉक्साइड बाहेरून घालून पाहिलं का? कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घातल्यावर परिणाम पुसला जातो का? नॉझल स्टँडवर पक्कं हवं, कारण झोत द्रवाला टेकला की विजेचा डिस्चार्जच बदलतो. वायूच्या नळीत ओल राहिली तरी रसायन बदलतं; आधी वायू वाहू देऊन ती सुकवावी लागते.

रुग्णात अडचण खोलीची. परिणाम पृष्ठभागालगतच राहतो, आतल्या गाठीपर्यंत जात नाही. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला तोंड-घशाच्या उघड्या, संसर्ग झालेल्या गाठींवर आर्गॉनचा झोत वापरला. दुर्गंधी कमी झाली, काहींची गाठ काही काळ आक्रसली. ते उपकरण युरोपात २०१३ मध्ये मान्य झालं ते जखमांसाठी. अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१९ मध्ये चाचणीला परवानगी दिली ती गाठ काढल्यावर उरलेल्या कडांवर हेलियम प्लाझ्मा फिरवण्यासाठी, २० रुग्णांवर, मुख्यतः सुरक्षितता पाहायला. म्हणजे शस्त्रक्रियेच्या जोडीला, तिच्याऐवजी नाही.

ब्यूटी पार्लरमधला 'प्लाझ्मा पेन' यात मोजू नका. तो ठिणगीने त्वचा जाळतो. संशयित तिळावर फिरवला, तर बायोप्सीला धड ऊतीही उरत नाही.