सोशल मीडियावर पहिल्यांदाच वादात उतरतेयस ना?

अगं, छान लिहिलंयस, पोस्ट काढू नकोस. प्रत्येक कमेंटला उत्तर देणं मात्र आजच थांबव. सुरुवातीला मी एका हाताने पोळी उलटत अनोळखी दादांना समजावत बसायचे, कुणी दुखावू नये म्हणून दर वाक्याआधी 'तुमचं बरोबर आहे, पण' जोडायचे. मुद्दा राहायचा बाजूला, जीव मात्र थकून जायचा.

तूर्तास एवढंच कर:

- खरा प्रश्न असेल त्यालाच उत्तर, तेही एकदाच.
- 'ताई, शांतपणे बोला' म्हणणाऱ्याला खुलासा देऊ नकोस.
- घाणेरडा मेसेज लगेच डिलीट करू नकोस. आधी तारीख आणि प्रोफाइल दिसेल असा स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. स्पष्ट नकार दिल्यावरही एखादा पुरुष जवळीक साधायला वारंवार संपर्क करत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो गुन्हा आहे.

तक्रारीचं सविस्तर नंतर सांगेन. आज रात्री नोटिफिकेशन बंद करून झोप.