मालिकेचं पुनरुज्जीवन, पुनरागमन की नवा अवतार?

प्रश्न असा आहे: 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका बरीच वर्षं बंद राहून २००५ साली परत सुरू झाली, त्याबद्दल मराठीत लिहिताना कुणी पुनरुज्जीवन लिहितं, कुणी पुनरागमन, कुणी नवा अवतार, कुणी सरळ रीबूट, तर यातलं बरोबर काय? आणि जोडीला दुसरा प्रश्न, की त्यात डॉक्टरचा, म्हणजे काळात फिरणाऱ्या परग्रहवासी नायकाचा, चेहरा बदलतो आणि नवा नट येतो, त्या रीजनरेशनला पुनर्जन्म म्हणावं का.

आधी थेट उत्तर देतो. मालिकेचं पुनरुज्जीवन, माणसाचं पुनरागमन, रीबूट हे तिसरंच प्रकरण आहे आणि ते इथे लागू होत नाही. रीजनरेशनला पुनर्जन्म नको, कायापालट म्हणा. आता का ते सांगतो, कारण हे शब्द एकमेकांच्या जागी टाकले की वाचणाऱ्याला नेमकं काय परत आलंय तेच कळत नाही.

मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला, बीबीसीवर. आणि जुन्या मालिकेचा शेवटचा भाग लागला ६ डिसेंबर १९८९ ला, म्हणजे २६ पर्वं झाली. त्या शेवटच्या भागात डॉक्टर मरत नाही, गोष्ट संपल्याची घोषणा होत नाही, तो आणि त्याची सोबतीण एस बोलत बोलत चालत निघून जातात, अजून खूप कामं पडलीयत अशा अर्थाचं त्याचं छोटंसं स्वगत ऐकू येतं, आणि झालं, पुढचं पर्व निघालंच नाही. मग १९९६ मध्ये एक टीव्ही-चित्रपट आला, पॉल मॅकगॅन डॉक्टर झाला, त्यातून मालिका उभी राहील अशी आशा होती ती फळाला आली नाही. आणि शेवटी २६ मार्च २००५ ला लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांच्या हाताखाली, बीबीसी वेल्सच्या निर्मितीत, क्रिस्टोफर एकलस्टनला डॉक्टर म्हणून घेऊन ती परत नियमित सुरू झाली.

आता पुनरुज्जीवन या शब्दावर नेहमी एक हरकत घेतली जाते, की मेलेलं असेल तर जिवंत करायचं, मालिका तर मेलीच नव्हती, मधल्या काळात त्याच डॉक्टरच्या कादंबऱ्या निघत होत्या, १९९९ पासून ध्वनिनाट्यं निघत होती ज्यात जुनेच नट आवाज देत होते, मग पुनरुज्जीवन कसलं? हरकत चांगली आहे पण मराठीतला वापर बघा. आपण लुप्त होत चाललेल्या कलेचं पुनरुज्जीवन म्हणतो, बंद पडलेल्या संस्थेचं म्हणतो, जुन्या नाटकाचं तर सर्रास म्हणतो, आणि यातलं काहीही पूर्ण मेलेलं नसतं, कुणीतरी कुठेतरी धुगधुगी राखलेली असते. उज्जीवन म्हणजे अंगात परत जीव भरणं, त्यासाठी आधी अंत्यविधी झालेला असायला लागत नाही. उलट मधल्या वर्षांत चाहत्यांनी आणि लेखकांनी जी धुगधुगी ठेवली तिच्यामुळेच २००५ शक्य झालं (डेव्हिस यांनी स्वतः १९९६ मध्ये त्यातली एक कादंबरी लिहिली होती), त्यामुळे हा शब्द इथे अगदी फिट बसतो असं माझं ठाम मत आहे.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर, मराठी नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' असं लिहिलेलं असतं ना, ते शब्द मला या कामासाठी फार आवडतात. संहिता तीच, नटमंडळी नवी, एवढं सगळं दोन शब्दांत. फक्त मालिकेबाबत एक फरक लक्षात ठेवायचा: नाटक नव्या संचात येतं तेव्हा तीच गोष्ट परत घडते, इथे गोष्ट पुढे सरकते. म्हणून 'डॉक्टर हू' नव्या संचात आणि मागील पानावरून पुढे, असं दोन्ही मिळून म्हटलं तर चित्र पूर्ण होतं. मागील पानावरून पुढे, यापेक्षा रिव्हायव्हलचं, म्हणजे पुनरुज्जीवनाचं, बरं वर्णन मला तरी सुचत नाही.

रीबूटचं बघू. शब्द कॉम्प्युटरमधून आला, मशीन बंद करून परत चालू केलं की आधी मेमरीत जे होतं ते पुसलं जातं, आणि तोच अर्थ मालिकांना लागला: जुनी गोष्ट घडलीच नाही असं धरून परत पहिल्यापासून सांगायची. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. मूळ मालिका १९७८ ची, २००३ मध्ये ती परत आली ती सगळं नव्याने मांडून, माणसांवरचा तो हल्ला परत पहिल्यांदा होतो, स्टारबक हा मूळचा पुरुष पायलट नव्या मालिकेत बाई आहे, आणि जुन्या मालिकेतलं काहीही त्यांच्या आयुष्यात घडून गेलेलं नाही. याला म्हणायचं रीबूट. 'एक्स-फाइल्स' २००२ ला थांबून २०१६ ला परत आली तेव्हा तीच मोल्डर-स्कली जोडी, वय वाढलेली, मागचं सगळं आठवत असलेली, आणि पर्व मोजलं दहावं, म्हणजे हे पुनरुज्जीवन. 'स्टार ट्रेक'ची १९८७ मधली मालिका अजून तिसरी गोष्ट, जग तेच पण काळ पुढचा आणि जहाजावरची माणसं नवीन, तिला उत्तरकथा म्हणणं जास्त बरोबर.

मराठीत हा फरक करायला आपल्याकडे दोन तयार शब्दप्रयोग आहेत आणि लोक ते एकाच अर्थाने वापरून टाकतात याचं मला वाईट वाटतं. एक श्रीगणेशा, दुसरा पुनश्च हरि ओम. श्रीगणेशा करणं म्हणजे पाटी कोरी, अगदी पहिल्यापासून. पुनश्च हरि ओम म्हणजे खंड पडलेलं काम परत हाती घेणं, टिळकांनी तुरुंगातून सुटल्यावर १८९९ मध्ये 'केसरी'त याच मथळ्याने परत लिहायला सुरुवात केली तेव्हापासून त्याला हा अर्थ चिकटलाय, आणि तिथे पेपर नवा नव्हता, लेखक नवा नव्हता, भूमिका नवी नव्हती. तर रीबूट म्हणजे परत श्रीगणेशा आणि रिव्हायव्हल म्हणजे पुनश्च हरि ओम, एवढं पक्कं केलं तरी बरंच काम होईल.

मग २००५ चा 'डॉक्टर हू' यातला कुठला, यावर वाद घालणारे भेटतात, कारण पहिला भाग बघताना खरंच श्रीगणेशा वाटतो. गोष्ट सुरू होते रोझ या दुकानात काम करणाऱ्या मुलीपासून, तिला डॉक्टर कोण हे माहीत नाही, तसंच नव्या प्रेक्षकालाही माहीत नाही, आणि कुणीही मागचा इतिहास सांगत बसत नाही. पण नीट बघा. दुकानातले पुतळे जिवंत होऊन काचा फोडून रस्त्यावर येतात, हे तेच ऑटॉन, जे १९७० मध्ये जॉन पर्टवी डॉक्टर झाला त्या पहिल्या कथेत असेच काचा फोडून आले होते. आणि रोझच्या घरात डॉक्टर आरशात बघतो आणि स्वतःच्या कानांवर काहीतरी बोलतो, एखादा माणूस आपलं तोंड पहिल्यांदाच बघतोय तसा. जुन्या प्रेक्षकाला तेवढ्यात कळतं की हा चेहरा नवीन आहे, म्हणजे याच्याआधी दुसरा होता, म्हणजे मागचं सगळं खरं आहे. नव्या प्रेक्षकाला काहीच अडत नाही. मला हे लेखन म्हणून फार मोठं वाटतं, एका वाक्यात दोन प्रकारच्या लोकांना दोन गोष्टी सांगितल्या आणि कुणालाही बाहेर ठेवलं नाही.

शंका उरलीच असेल तर पुढच्याच वर्षी तिचा निकाल लागला. सारा जेन स्मिथ ही जुनी सोबतीण १९७६ मध्ये मालिकेतून गेली होती, २००६ मध्ये तीच परत येते, एलिझाबेथ स्लेडन हीच नटी, तीस वर्षांनी मोठी झालेली. एका शाळेत रात्री ती एका खोलीत शिरते आणि समोर तो निळा पोलिस बॉक्स, म्हणजे डॉक्टरचं कालयान टार्डिस, उभा. ती मागे सरकत सरकत बाहेर येते, वळते, आणि दारापलीकडे डेव्हिड टेनंट, म्हणजे तेव्हाचा डॉक्टर, उभा. चेहरा तिच्या डॉक्टरचा नाही, पण ती ओळखते, आणि तू बदललास म्हणते, तो सांगतो की आपण शेवटचं भेटल्यापासून अर्धा डझन वेळा तरी बदललो. रीबूटमध्ये हा प्रसंग लिहिताच येत नाही. तिथे सारा जेन असती तर ती डॉक्टरला पहिल्यांदाच भेटली असती.

गोंधळाचं अजून एक मूळ म्हणजे पर्वांचे आकडे. २००५ च्या पर्वाला पहिलं म्हटलं, सत्ताविसावं म्हटलं नाही, आणि २०२४ ला परत पहिलं म्हटलं. म्हणजे १९६३, २००५, २०२४ अशी तीन पहिली पर्वं झाली. त्यात ब्रिटिश लोक आपण ज्याला सीझन म्हणतो त्याला सीरिज म्हणतात, त्यामुळे 'पहिली सीरिज' वाचून आपल्याला वाटतं पहिली मालिका. आकड्यावरून रीबूट ठरवू नका, आकडा विकणाऱ्याच्या सोयीने लावतात, जुनं घडलेलं धरलंय की नाही हे गोष्टीतच बघावं लागतं. आणि मराठीत लिहिताना नुसतं पहिलं पर्व न लिहिता '२००५ चं पहिलं पर्व' लिहावं.

पुनरागमन हा शब्द माणसासाठी राखून ठेवा. टेनंट २०२२-२३ मध्ये परत डॉक्टर झाला ते पुनरागमन, डेव्हिस परत सूत्रं सांभाळायला आले ते पुनरागमन. 'मालिकेचं पुनरागमन' अगदी चूक म्हणणार नाही, बातमीच्या मथळ्यात चालून जातं, पण ते 'परत आली' एवढंच सांगतं, 'परत उभी केली' हे सांगत नाही. आणि 'मालिका पुन्हा दाखवणार' असं लिहिलं तर वाचणारा पुनःप्रक्षेपण समजतो. त्याचंही उदाहरण याच मालिकेत आहे, पहिला भाग लागला त्याच्या आदल्या दिवशी केनेडींची हत्या झालेली, त्यात काही भागांत वीज गेलेली, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला भाग परत लावला, ते पुनःप्रक्षेपण.

शुद्धलेखनाचं पटकन: पुनरुज्जीवन यात रु ऱ्हस्व, जी दीर्घ. पुनर्जीवन असं लिहितात ते टाळा. शब्द एकच, पुनर्, पुढे स्वर आला की पुनरागमन, ज आला की पुनर्जन्म, च आला की पुनश्च, प आला की विसर्ग तसाच म्हणून पुनःप्रक्षेपण. पुनर्प्रक्षेपण आता इतकं रूढ झालंय की त्यावर भांडत नाही, पण नियमाने विसर्गच.

आता रीजनरेशन. पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना म्हणून १९६६ मध्ये पॅट्रिक ट्राऊटनला आणलं, तोच डॉक्टर, नवा देह. गंमत म्हणजे तेव्हा रीजनरेशन हा शब्द नव्हताच, तो मालिकेत आला १९७४ मध्ये, पर्टवी जाऊन टॉम बेकर आला तेव्हा. पुनर्जन्म म्हणू नये याचं कारण सरळ आहे, पुनर्जन्मात आईच्या पोटी जन्म लागतो, बालपण लागतं, मागचं विसरलेलं असतं. डॉक्टर उभ्या उभ्या बदलतो आणि सगळं आठवत असतं. परकायाप्रवेशही नाही, कारण काया परक्याची नाही.

अवतार या शब्दाची बाजू मात्र थोडी मजबूत आहे. १९७२-७३ च्या कथेत तीन डॉक्टर एकत्र येतात, २०१३ च्या पन्नाशीच्या भागात टेनंट, मॅट स्मिथ आणि जॉन हर्ट एकमेकांसमोर उभे राहतात, आणि आपल्याला लगेच परशुराम आणि राम आठवतात, एकाच विष्णूचे दोन अवतार समोरासमोर, आणि तेही आधी एकमेकांवर डोळे वटारून. पण प्रत्येक अवताराचं आयुष्य वेगळं, आईबाप वेगळे, कार्य वेगळं. डॉक्टरचं आयुष्य एकच आहे, सलग. म्हणून 'दहावा अवतार' ऐवजी 'दहावा डॉक्टर' हेच बरं, मूळ चाहतेही तसंच मोजतात.

उरतो कायापालट. शहराचा कायापालट, वाड्याचा कायापालट असं इतकं वापरलं गेलंय की त्यातली काया आपण विसरून गेलोय, पण शब्द फोडून बघा, काया पालटली, माणूस तोच. तर 'हार्टनेलचा कायापालट होऊन ट्राऊटन झाला' असं बिनधास्त लिहा. कात टाकणं मालिकेसाठी ठेवा, तेही ती चालू असताना बदलली तर, जसं १९७० मध्ये रंगीत झाली आणि डॉक्टरला पृथ्वीवर अडकवून ठेवलं, तेव्हा मालिकेनं कात टाकली. २००५ ला नाही, तेव्हा ती पुनरुज्जीवित झाली. आणि कुणी केली ते सांगायचं असेल तर 'डेव्हिस यांनी पुनरुज्जीवित केली', 'पुनर्जीवित' नको.